पुढच्या खोलीतली ओ

गल्लीत तिला अहोबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे; पण ते तिला ठाऊक होतं. आता माणूस दिवसभर एकच शब्द ओरडत राहिलं, तर लोकांनी तरी दुसरं काय नाव ठेवायचं?

घर दोन खोल्यांचं. पुढची खोली थेट रस्त्यावर उघडणारी, शटरची. तिथे तिचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा; सगळे त्याला पेंटरच म्हणत. मागच्या खोलीत ओटा, पलंग, कपाट आणि खिडकीखाली तिचं शिलाई मशीन. मधल्या दाराला पडदा. शिवता शिवता ती पाय थांबवायची, मान पडद्याकडे वळवायची आणि हाक घालायची, "अहो?"

"आहे," पुढून उत्तर यायचं.

की मशीन पुन्हा सुरू.

गल्लीतल्या पोरांनी त्याचा खेळ केला होता. एकानं कोपऱ्यावरून "अहोऽ?" करायचं आणि बाकीच्यांनी गळा काढून "आहेऽ!" म्हणत पळत सुटायचं. ती मोजपट्टी उगारून दारात यायची, पण रागवायची खोटं खोटंच. मोठ्यांपैकी काहींना वाटायचं, काय बाई प्रेम हे, या वयातसुद्धा नवऱ्यावाचून घटकाभर करमत नाही. काहींना वाटायचं, संशयी आहे. दोघांचाही अंदाज चुकलेला. ती हाक म्हणजे विहिरीत टाकलेला खडा होता. खाली पाणी आहे की नाही, एवढंच तिला ऐकायचं असायचं.

पेंटरला मधुमेह होता. तो उतारवयात होतो तसला नाही; अगदी लहानपणापासून पोटात सुई टोचून घ्यावी लागते, तसला. "लग्नाच्या बोलणीतच सांगितलं होतं हं, आम्ही काही लपवाछपवी केली नाही," असं तिची नणंद अजून ऐकवते. सांगितलं होतं हे खरं. पण सांगितलं काय, तर 'मुलाला साखर चालत नाही.' तिच्या माहेरच्यांना वाटलं, बरंच झालं, गोडाधोडाची कटकट नाही. ज्याला साखर चालत नाही त्याच्या घरात प्रत्येक खिशात, खणात आणि उशीखाली साखर ठेवावी लागते, हे त्या बैठकीत कुणी बोललं नव्हतं.

कारण खरी भीती साखर वाढायची नव्हती, उतरायची होती. इन्सुलिन टोचलं आणि वेळेवर पोटभर खाल्लं नाही, की रक्तातली साखर झरझर खाली यायची. आधी घाम, मग हाताला कंप, मग भलतंसलतं बोलणं, मग माणूस आडवा. पहिली काही वर्षं पेंटरला स्वतःला कळायचं. "उतरतेय गं," म्हणायचा आणि हात पुढे करायचा. ती तळहातावर साखर ओतायची. पण पुढे पुढे शरीर इशारा द्यायचंच विसरलं. एका औषधाच्या दुकानाची पाटी रंगवताना तो शिडीवरून सरळ खाली आला. रस्त्यावर वाळूचा ढीग होता म्हणून वाचला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी असं होतं. त्यांना आता कळणार नाही. तुम्हाला कळायला हवं."

बाईंनी हे सहज म्हटलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. पण ते वाक्य तिच्या मागोमाग घरी आलं आणि परत गेलंच नाही. भांडी घासताना, काज करताना, अंगावर पाणी घेताना ते तिच्या कानाशी असायचं. त्यांना कळणार नाही. तुम्हाला कळायला हवं.

मग तिनं शिडी बंद केली. पेंटरनं घरीच उंच स्टुलावर बसून पाट्या रंगवायच्या आणि दुकानदारांनी त्या घेऊन जायच्या, असं ठरलं. तिनं त्याच्या मानेची भाषा शिकून घेतली. जाता-येता त्याच्या मानेवर, केस संपतात तिथे, हाताची मागची बाजू टेकवायची. कोरडी तर ठीक. गार आणि ओली तर साखर. दुसरी खूण त्याच्या अक्षरांत होती. पेंटरची शिरोरेषा हा त्याचा तोरा होता. पट्टी नाही, दोरी नाही. अक्षरं काढून झाली की श्वास रोखून ब्रश टेकवायचा आणि शब्दाच्या डोक्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढायचा, की दोरी लावून बघावी. साखर उतरायला लागली की ती रेघ उजवीकडे झुकायची. अगदी थोडी, दुकानदाराला दिसणारही नाही इतकी. पण तिला दिसायची. गावात अजून अशा पाट्या आहेत. लोक त्यांच्याखालून पिशव्या घेऊन जातात. ती मात्र एखाद्या पाटीखाली थबकायची आणि मनात म्हणायची, इथे उतरली होती.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. या दुखण्यानं तर मुंग्याच घरी आणल्या. मशीनच्या खणात साखरेची पुडी, गादीखाली पुडी, पेंटरच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशात पुडी, तिच्या पदराच्या टोकाला गाठ मारलेली चिमूटभर. साखर तिथे मुंगी. 'साखरेचं खाणार त्याला देव देणार,' असं म्हणत पेंटर अंगावरच्या मुंग्या झटकायचा आणि हसायचा. त्याला हसू यायचं, कारण झटकायच्या त्याला असल्या तरी शोधायच्या तिला असायच्या.

बाहेर जाणं हळूहळू संपलं. लग्नाला गेलं तर पंगत उशिरा बसणार; पंगत उशिरा म्हणजे जीव टांगणीला. नात्यातले बोलवायचे, मग बोलवीनासे झाले. झोपेचं तर विचारूच नका. ती जिवाचा कान करून झोपायची, म्हणजे झोपायचीच नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिचा भांडायचा हक्क गेला. साखर उतरली की पेंटर चिडायचा. त्यामुळे पेंटर चिडला की साखर उतरली, असा घरात कायदाच झाला.

एकदा तिचा भाऊ काहीतरी टोचून बोलला म्हणून पेंटर खरोखर संतापला होता. "तुझ्या भावाला सांग, माझ्या घरात येऊन मला..." एवढं म्हणतो तोवर हिनं त्याच्या तोंडात साखर कोंबली.

"अगं, माझी साखर ठीक आहे!" तो भरल्या तोंडानं ओरडला.

"तुम्ही दर वेळी असंच म्हणता."

"मग मी चिडायचं कधी?"

"आधी मान बघू द्या."

मान कोरडी होती. दोघंही हसले, पण पेंटर हसता हसता थांबला आणि म्हणाला, "म्हणजे आता मला रागाचीसुद्धा चोरी." तिलाही चोरीच होती. आपण रागावून काही बोललो आणि तेवढ्यात तो कोसळला तर? या भीतीनं तिनं किती गोष्टी गिळल्या त्याचा हिशेब नाही. त्या घरात कुणी कुणावर धड रागावलं नाही, ही गोष्ट पुढे फार महागात पडली.

त्यांना एकच मुलगी. लाडानं ठकी म्हणत, तेच नाव चिकटलं. पोरगी बोलायला लागली तीच घरातली हाक ऐकत. अभ्यासाला बसायची ती पुढच्या खोलीत, बापाच्या स्टुलाशेजारी, रंगाच्या डब्याला पाटी टेकवून. बापाच्या तोंडात ब्रश असला किंवा तो रेघ ओढत असला, की त्याच्याऐवजी तीच ओरडायची, "आहेत!" अहोबाईला ते सोयीचं झालं. तिनं लेकीला नियम शिकवला: आधी बघ, मग बोल. मान वळवायची, बाबांकडे नीट बघायचं, घाम नाही ना, हात थरथरत नाही ना, आणि मगच 'आहेत' म्हणायचं. ठकी तो नियम डोळ्यांत तेल घालून पाळायची. शाळेच्या सहलीला एकदाच गेली, तर म्हणे झोपेत उठून बसली आणि मोठ्यानं "आहेत!" म्हणाली. मैत्रिणी हसून हसून लोळल्या. घरी आल्यावर ठकीनंच ते हसत सांगितलं. अहोबाईही हसली, आणि मग उगाच ओट्याशी जाऊन भांडी हलवत राहिली. एवढ्याशा पोरीला आपण राखणीला बसवलंय, हे तिला त्या वेळी कळलं होतं. कळलं, पण बदली कुणाला बसवायचं?

ठकी मोठी झाली, शिकली. दूरच्या शहरात तिला नोकरी लागली, पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. पेंटर सगळ्या गल्लीला सांगत सुटला. अहोबाईनं तिच्यासाठी नवे कपडे बेतले. जायचा दिवस जवळ आला होता, आणि त्याच दिवसांत ते घडलं.

सकाळची वेळ. पेंटर कुलूपवाल्याची पाटी रंगवत होता. 'येथे सर्व प्रकारची कुलपे दुरुस्त करून मिळतील.' कुलूपवाला नवं दुकान थाटणार होता आणि घाईला आला होता. पेंटरनं सुई टोचून घेतली, न्याहारीला बसला आणि अर्ध्यातून उठला. "रंग वाळतोय, आलोच," म्हणाला. अहोबाई शिवणाला बसली होती. मग पाणी प्यायला उठली तेव्हा तिला ओट्यावरचं अर्धं ताट दिसलं. पण शिवण संपत आली होती, अस्तराची एकच कड राहिली होती. ती मशीनवर परत बसली आणि हाक मारली, "अहो?"

ठकी पुढच्या पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून बसली होती. फोनवर मैत्रिणीशी नव्या शहरातल्या खोलीबद्दल बोलत होती. खिडकी कुठल्या बाजूला आहे, उजेड येतो का, असलं काहीतरी. मान न वळवता तिनं ओ दिली, "आहेत!"

ठकीचाच आवाज. अहोबाईनं पायडल दाबलं. कड पुरी व्हायच्या आत रंगाचा डबा पडल्याचा आवाज आला, आणि त्यामागून दुसरा, जड.

पेंटर स्टुलावरून शटरच्या लोखंडी पट्टीवर पडला होता. मान गार, चिंब ओली. तिनं तोंडात साखर सारली, पण ती तशीच ओठांवर राहिली. दवाखान्यात साखर वर आणता आली. डोक्याच्या आत जे फुटलं होतं ते काही सांधता आलं नाही. काही दिवस तो नुसता श्वास घेत राहिला, आणि मग तोही थांबला.

तिथेच, दवाखान्याच्या बाकावर, नणंदेनं विचारलं होतं, "वहिनी, तू तर दिवसभर हाका मारतेस. त्या वेळी नाही का मारलीस?"

ठकी समोरच्या भिंतीला टेकून उभी होती. अहोबाईनं तिच्याकडे पाहिलं. पोरीचा चेहरा खडूसारखा झाला होता. आणि अहोबाईच्या तोंडून विचार न करता निघालं, "मारली होती, वन्सं. त्यांनी ओ दिली. स्वतः दिली. आहे म्हणाले."

"स्वतः?"

"स्वतः. स्वच्छ आवाजात."

नणंदेनं डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, "मग कुणाचाच इलाज नव्हता गं."

ठकी आईकडे नुसती बघत राहिली, आणि अहोबाईला वाटलं, वाचवलं मी हिला. आयुष्यात तिनं एवढं एकच ठरवलं: नवरा तर गेला, पण त्याच्या जाण्याचं ओझं पोरीच्या मानेवर पडू द्यायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिनं तीच गोष्ट सांगितली. हाक मारली, त्यांनी ओ दिली. शेजारणीला सांगितलं, भावाला सांगितलं, डॉक्टरीणबाईंना सांगितलं, आणि मुद्दाम ठकीच्या देखत सांगितलं.

खोटं बोलण्याचा एक धोका असा असतो, की ते फार वेळा बोललं तर त्याला अंग फुटतं. पाहुणे पांगले, घर रिकामं झालं, तिनं पुन्हा मशीन काढलं. शिवता शिवता पाय थांबला, मान पडद्याकडे वळली, आणि जिभेनं सवयीनं आपलं काम केलं. "अहो?"

"आहे," पुढून उत्तर आलं.

ती तशीच बसून राहिली. हातातली सुई खाली पडली ती तिला कळली नाही. त्याचाच आवाज होता. ब्रश तोंडात धरून बोलायचा तसा, थोडा चेपलेला. उठून पडदा सारून बघायचं धैर्य तिला झालं नाही. झालं तेव्हा पुढची खोली रिकामी होती. स्टूल भिंतीशी, डबे ओळीनं, आणि कुलूपवाल्याची अर्धी पाटी भिंतीकडे तोंड करून उभी. ती ठकीनंच तशी फिरवून ठेवली होती.

भूतबित काही नाही, हे तिलाही कळत होतं. जी ओ त्यानं दिलीच नव्हती ती तिनं इतक्या वेळा त्याच्या तोंडी घातली, की घरानं ती पाठ केली. पण कळलं म्हणून काही कान बंद होत नाहीत. ती हाक मारायची आणि तो आहे म्हणायचा. पहिल्यांदा तिला घाम फुटायचा. मग सवय झाली. मग, खोटं कशाला बोला, ती त्याची वाट बघायला लागली. आणि तरी दर वेळी ओ आली की अंगावर काटा यायचा, कारण त्या आवाजात एक दिवस विचारणा होईल असं तिला वाटायचं. मी कधी गं असं म्हणालो?

मुंग्या येतच होत्या. कपाटात त्याचे सदरे होते, सदऱ्यांत पुड्या होत्या. त्या काढून टाकाव्यात असं ती दर आठवड्याला ठरवायची आणि कपाट बंद करायची. दुकानात रांगेत उभी असताना एकदा तिनं पुढच्या अनोळखी म्हाताऱ्याच्या मानेवर हात टेकवला. तो दचकून वळला. ती ओशाळून म्हणाली, "मुंगी होती." घरी येऊन स्वतःवरच हसली, मग रडली.

आणि ठकी? ठकी गेलीच नाही. "आईला एकटं टाकून कुठे जाऊ?" म्हणाली आणि दूरच्या नोकरीला नकार कळवून मोकळी झाली. जवळच्याच एका कारखान्यात नोंदी करायचं काम धरलं. लोक म्हणायचे, मुलगी असावी तर अशी. स्थळ आलं तरी ती नाही म्हणायची. समोरचे विचारायचे, घरात मधुमेह आहे ना, आणि ती म्हणायची, हो, आहे, की विषयच संपायचा. संध्याकाळी कामावरून आली की पुढच्या खोलीत बसायची, पण बापाच्या स्टुलाकडे तोंड करून. रस्त्याकडे पाठ, भिंतीला टेकून. पायरीवर ती आता बसत नसे. आईनं हाक मारली, "ठके?" की लगेच मान वर करून म्हणायची, "आहे." अहोबाईला वाटायचं, पोरीचं आईवर किती लक्ष. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. पण काही कांकणं अशी असतात की ती हातात रुतली तरी दिसत नाहीत.

मग एका रविवारी कुलूपवाला आला.

त्याचं नवं दुकान तेव्हा राहून गेलं होतं, ते आता कुठे उघडत होतं. गडी बोलका. दारातूनच सुरू झाला, "वहिनी, पाटी न्यायला आलोय. आहे का अजून, का सरपणात घातलीत?"

"अर्धीच आहे हो ती," अहोबाई म्हणाली. "दुसरी करून घ्या कुणाकडून."

"अर्धी तर अर्धी. उरलेलं माझं मी बघीन. पेंटरांच्या हातचं आहे, दुसऱ्याच्या हातचं मला नको. एवढी कुलपं उघडली मी, पण तशी शिरोरेषा ओढणारा माणूस नाही पाहिला." आणि दोघींपैकी कुणी काही बोलायच्या आत त्यानं पाटी धरली आणि उजेडाकडे फिरवली.

'येथे सर्व प्रकारची' एवढं सरळ होतं. 'कुलपे'वरची रेघ उजवीकडे झुकली होती. 'दुरुस्त' त्याहून खाली. 'करून' तर घसरत घसरत पाटीच्या कडेपर्यंत गेलं होतं, आणि शेवटच्या अक्षरापासून एक रंगाचा ओघळ.

कुलूपवाल्यालासुद्धा ते दिसलं. "मी... मी नंतर येतो," म्हणाला, पाटी हळूच भिंतीला टेकवली आणि गेला.

ठकी पाटीसमोर खाली बसली. बोट न लावता तिनं एकेका शब्दावरून हात फिरवला. मग आईकडे न बघता म्हणाली, "दुरुस्त लिहिताना तू हाक मारली असणार."

"ठके, उठ. चहा करते."

"या वेळी. हे अक्षर होताना. मी तिथे बसले होते, पायरीवर. मान वळवली असती तर दिसलं असतं. दोन शब्दांची रेघ उतरत होती, आई. मला लहानपणापासून दिसते ती."

"ओ त्यांनी दिली होती," अहोबाई म्हणाली. रोजच्या पाठातलं वाक्य, आपोआप आलं. "स्वतः दिली. मी ऐकली ना."

"आई!" ठकी एवढ्या जोरानं ओरडली की बाहेरचं कुत्रं उठून उभं राहिलं. त्या घरात असं कुणी कधी ओरडलं नव्हतं. "पुरे कर ते! ओ मी दिली. तुला माहीत आहे मी दिली. तू सगळ्या गावाला सांगतेस आणि मी प्रत्येक वेळी समोर उभी असते. मला वाटतं आता म्हणशील, आता रागावशील, एकदा तरी थोबाडीत मारशील. तू चहा करतेस! मी कुठे जाऊ? तू म्हणतेस काही झालंच नाही, मग जे झालं ते घेऊन मी एकटीनं कुठे जाऊ?"

अहोबाईचा हात पुढे झाला. लेकीच्या मानेवर, केस संपतात तिथे, टेकला. मान गार होती, ओली होती. दुसऱ्या हाताची बोटं आपोआप पदराची गाठ सोडायला लागली. चिमूटभर साखर बोटांत आली आणि लेकीच्या तोंडापर्यंत गेली. तिथे ती थांबली. आयुष्यभर या घरात जे कुणी ओरडलं त्याचं तोंड तिनं साखरेनं बंद केलं होतं. तिनं हात मागे घेतला. साखर फरशीवर सांडली.

"हो," ती म्हणाली. "तू दिलीस."

ठकीनं मान वर केली.

"आणि मी आवाज ओळखला होता. तो त्यांचा नव्हता, तुझा होता, हे मला तेव्हाच कळलं. तू लांबून बोलतेयस, पायरीवरून, हेही कळलं. ताट अर्धं होतं, ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. तुला ताटाचं ठाऊक नव्हतं, मला होतं. तरी मी उठले नाही. का, तर अस्तराची एक कड राहिली होती." लेकीचे खांदे धरून म्हणाली, "रागावलेय मी तुझ्यावर. फार रागावलेय. आधी बघ, मग बोल, किती वेळा सांगितलं होतं तुला! आणि तेवढीच माझ्यावर रागावलेय. आणि त्यांच्यावरही, अर्ध्या ताटावरून उठले म्हणून. पोटभर खायला काय होत होतं त्यांना?"

मग त्या दोघी एकमेकींना धरून जे रडल्या, ते गल्लीनं ऐकलं. पेंटर गेला तेव्हासुद्धा त्या घरातून असा आवाज आला नव्हता. कुणी दार वाजवलं नाही, हे बरं केलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. प्रयोगशाळेत ती पहिली जागा अर्थातच भरली होती, पण ठकीनं पुन्हा अर्ज केला आणि काही महिन्यांनी दुसरी मिळाली. जाताना ती पायरीवर थांबली, बॅग खाली ठेवली आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तिथे बसली, थोडा वेळ, रस्त्याकडे तोंड करून. अहोबाई दारात उभी होती. हाक ओठांवर आली होती. ती तिनं दातांत धरून ठेवली. कुलूपवाल्यानं अर्धी पाटी नेली आणि तशीच लावली. 'मिळतील' त्यानं खाली दुसऱ्या ओळीत स्वतःच रंगवलं, आणि तेही वाकडंच, पण वेगळ्या बाजूला.

लेकीची गाडी गेल्यावर अहोबाई घरात आली. कपाटातले सदरे काढले, खिशांतल्या दगड झालेल्या पुड्या काढल्या आणि कपाट पुसलं. मग मशीनवर बसली. अस्तर लावायचं होतं. कड अर्धी झाली आणि पाय थांबला. मान पडद्याकडे वळली. पदरानं तोंड पुसून, हलक्या आवाजात, पहिल्या दिवसांत मारायची तशी, त्या रविवारनंतर पहिल्यांदाच तिनं हाक मारली.

"अहो?"

ती ऐकत राहिली. बाहेर कुणीतरी सायकल लावत होतं. नळाला पाणी आलं होतं. ती जिवाचा कान करून ऐकत राहिली आणि मग तिला समजलं की ज्या दिवशी लेकीला खरं सांगितलं, त्याच दिवशी तो आवाज आपण आपल्या हातानं घालवला. हाताची मागची बाजू तिनं स्वतःच्याच मानेला लावून पाहिली. कोरडी होती.

पुढच्या खोलीतून कुणी ओ दिली नाही. तिनं पुन्हा हाक मारली नाही आणि उरलेली कड शिवायला घेतली.